गोड कुडा आणि अंजनेरीची गुळवेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोळ पेठ तालुक्यातलं, आजी झाडपाल्याचं औषध द्यायची, आता ती राहिली नाही. तुम्ही नाशिकरोडला राहता. गेल्या रविवारी अंजनेरीहून परतताना रस्त्याकडेला बसलेल्या एका बाईकडून गुळवेलीची जुडी घेतली. आईला आठ वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. तिला गुळवेलीचा काढा रोज द्यावा का? आणि रानातल्या औषधी वनस्पती शिकायच्या तर सुरुवात कुठून करावी, पुस्तक कुठलं घ्यावं, मोबाइलवरचं अ‍ॅप कुठलं?

आधी आईचं. काढा आज सुरू करू नका. जुडी मात्र फेकू नका, सावलीत टांगून ठेवा. तिचं काम पुढे आहे.

मी पंचवटीत बत्तीस वर्षं दवाखाना चालवतो आणि जवळपास तितकीच वर्षं हरसूल, पेठ, त्र्यंबक या पट्ट्यात फिरतो. लोक मला विचारतात ते बहुतेक वेळा असं असतं: अमुक रोगावर कुठली वनस्पती? तुम्हीही तेच विचारलंय, फक्त जरा अदबीने. या प्रश्नाचं उत्तर देणं सोपं आहे, कुठल्याही दिवाळी अंकात सापडेल. अवघड असतो तो त्याच्या आधीचा प्रश्न: हातात आहे ती तीच वनस्पती आहे का? रानऔषधात माणूस फसतो तो बहुतेक वेळा तिथे. रोग ओळखण्यातही चुका होतात, पण त्या करायला डॉक्टर आणि आम्ही वैद्य आहोतच.

तर ती जुडी बाहेर काढा आणि एक कांडं हातात घ्या. गुळवेलीच्या जुन्या खोडावर पातळ, कागदासारखी साल असते, नखाने सोलली की पापुद्रे निघतात आणि खालून हिरवं अंग दिसतं. खोडावर बारीक पुटकुळ्या असतात. वेल झाडावर असताना तिला दोऱ्यासारखी लांब मुळं खाली लोंबत असतात, ती दुरूनही ओळखू येतात. आता कांडं धारदार सुरीने आडवं कापा. मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या रेघा दिसल्या पाहिजेत, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. संस्कृतात गुळवेलीला 'चक्रलक्षणा' म्हणतात ते यावरूनच. चव कडू. पान हृदयाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत.

पान जुडीबरोबर मिळालं असेल तर त्याची मागची बाजू गालावर फिरवून बघा. मखमलीसारखी लव लागली तर ती गुळवेलीची सख्खी बहीण आहे, गुळवेल नाही. ही बहीण आपल्या रानातही होते आणि गोळा करणाऱ्याच्या हाती दोघी एकाच फेरीत लागतात. तिसरी एक आहे, तिच्या खोडावर पुटकुळ्या नसून चांगल्या ठसठशीत गाठी असतात, कारल्याच्या पाठीसारख्या. ती आपल्या डोंगरात सहसा भेटत नाही, पण हौसेने बागेत लावलेली आणि विकत आणलेली रोपं असतात, त्यात सापडू शकते. या गाठीवालीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी परदेशातही आहेत.

हे मी पाल्हाळ का लावतोय? करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले, काविळीने पिवळे झालेले, आणि सहाही जण गुळवेल घेत होते. पुढच्या वर्षी ते छापून आलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की त्यांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे नीट तपासलेलं नाही, दिसायला तशीच दुसरी असू शकते. डॉक्टरांचं म्हणणं, यातल्या काहींच्या यकृतात स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला करण्याची प्रवृत्ती आधीपासून दबून होती आणि या वेलीने तिला जागं केलं. मी वैद्य आहे, गुळवेल रोज लिहून देतो, तरी या भांडणात मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. ओळख चुकते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि जी वनस्पती प्रतिकारशक्ती चेतवते असं आपण अभिमानाने सांगतो, ती चुकीच्या माणसात चुकीची शक्ती चेतवणार नाही असं कशावरून? थायरॉइडचा विकार, संधिवात, कोड, सोरायसिस असं काही ज्यांना आहे, त्यांना मी आता गुळवेल देतच नाही. बाकीच्यांना देण्याआधी यकृताची तपासणी करून घेतो आणि सहा आठवड्यांनी पुन्हा. दारूचा नाद असेल तर विषय संपला.

तुमच्या आईच्या बाबतीत आणखी एक आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते. गुळवेलीनेही साखर थोडी उतरते. दोन्ही एकत्र आले आणि आई एकादशीला उपाशी राहिली, तर दुपारी तिला दरदरून घाम सुटेल, हात थरथरतील, आणि घरातले म्हणतील ऊन लागलं. म्हणून आधी तिच्या डॉक्टरांना सांगा, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आणि यकृताची तपासणी करून घ्या, मग बोलू. गोळ्या बंद करून काढा सुरू करायचा विचार असेल तर तो आत्ताच काढून टाका. जो कोणी मधुमेह मुळापासून घालवतो अशी पाटी लावतो, तो १९५४ च्या जाहिरातविषयक कायद्याप्रमाणे गुन्हा करतोय, मग त्याच्या गळ्यात रुद्राक्ष असो की स्टेथोस्कोप.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे ओळख ओळख म्हणून मी एवढा का घोकतोय ते कळेल.

दवाखाना टाकून दुसरंच वर्ष होतं. भाजीबाजारात हमाली करणारा एक तरुण आला, महिनाभर आव पडत होती, रक्त जात होतं. पुस्तकात उघडं औषध: कुडा. अतिसारावर कुड्याच्या सालीसारखं दुसरं औषध नाही हे आम्हाला परीक्षेपुरतं पाठ होतं. काष्ठौषधीच्या दुकानातून साल आणली, काढा दिला. पाच दिवस झाले, दहा झाले, फरक शून्य. मात्रा वाढवली, तरी काही नाही. पोरगा वाळत चालला तेव्हा मी त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं, तिथे गोळ्यांनी तो आठवड्यात बरा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हरसूलकडे एक म्हातारे बाबा होते, कोकणा समाजातले, चार गावं त्यांच्याकडे औषधाला यायची. त्यांच्याकडे मी नुकता जायला लागलो होतो. खिशातून सालीचा तुकडा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नीट पाहिलंही नाही, तोंडात टाकला, चावला आणि बाजूला थुंकले. म्हणाले, "वैद्य, तुझा कुडा गोड हाय."

पांढरा कुडा आणि काळा कुडा ही दोन निराळी झाडं. पांढऱ्याची साल इतकी कडू की तासभर जिभेवरून जात नाही, आणि आवेवर गुण त्याच कडवटपणात असतो. काळ्याच्या सालीला ती कडूजहर चव नाही आणि तो गुणही नाही. काळ्याच्या शेंगांची जोडी कोवळेपणी टोकाशी एकमेकींना चिकटलेली असते, पांढऱ्याच्या शेंगा दोरीसारख्या सुट्या लोंबतात. काळ्याचं पान वाळलं की काळंनिळं पडतं. झाड समोर असेल तर शाळकरी पोरालाही फरक सांगता येईल. पण दुकानात येते ती फक्त साल, वाळलेली, तुकडे केलेली, आणि तिच्यावर 'कुडा' लिहिलेलं असतं. दुकानदाराने फसवलं असंही मला म्हणता येत नाही. गोळा करणाऱ्याला कुणी तरी कुडा आण म्हणाला, त्याने कुडा आणला. बियांनाही असंच, कडू इंद्रजव आणि गोडे इंद्रजव. त्या दिवसापासून माझ्याकडे येणारी प्रत्येक साल मी आधी स्वतः चावतो. (विषारी नसेल हे माहीत असल्यावरच. तुम्ही एवढ्यात हा प्रयोग करू नका.)

नावांचा हा घोळ एकट्या कुड्याचा नाही. महाराष्ट्रात 'ब्राह्मी' म्हटलं की बहुतेक घरांत गोल पानांची, ओलसर जागी पसरणारी वनस्पती काढून देतात. शास्त्रातल्या नावाने ती मंडूकपर्णी. दुसरे वैद्य ब्राह्मी म्हणतात ती बारीक, मांसल पानांची, पाणथळीतली. दोन्ही बुद्धीला चांगल्या म्हणतात म्हणून वाद फारसा पेटत नाही एवढंच. शंखपुष्पीच्या नावाखाली तर तीन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात आणि प्रत्येक वैद्य आपलीच खरी म्हणतो. बायकांच्या अंगावरून जाण्यावर अशोकाची साल देतात, ती सीतेच्या अशोकाची, शेंदरी फुलांच्या गुच्छांची. सोसायटीच्या फाटकाशी सरळसोट उभा असतो तो नव्हे. गंगापूर रोडला एका बंगल्यातल्या ताईंनी त्या शोभेच्या झाडाची साल सहा महिने उकळून प्यायली होती. त्रास काही झाला नाही, गुणही आला नाही, आणि ज्या गाठीमुळे रक्त जात होतं ती दरम्यान वाढली.

चरकाने एक मजेशीर गोष्ट लिहून ठेवलीये. वनस्पतींची नावं आणि रूपं कोणाकडून शिकावीत? तर शेळ्या राखणारे, मेंढपाळ, गुराखी आणि रानात राहणारे यांच्याकडून. आम्ही पदवीधर हे वाक्य भाषणात टाळ्या घ्यायला वापरतो. पण त्याच्या पुढचंच वाक्य कोणी सांगत नाही: नुसतं नाव कळलं किंवा रूप कळलं म्हणून औषध कळलं असं होत नाही, कुणाला, कधी, किती, कशाबरोबर हे ज्याला कळतं तो खरा जाणता. म्हणजे गुराख्याला अर्धं येतं आणि वैद्याला दुसरं अर्धं. तुमच्या आजीला दोन्ही येत असणार, निदान तिच्या दहा-पंधरा झाडांपुरतं तरी. तिच्या वयाच्या बायका गावात अजून असतील. पुस्तकाआधी त्यांच्याकडे जा.

जाल तेव्हा पहिल्याच दिवशी वही काढू नका. हरसूलच्या बाबांनी मला पहिली तीन वर्षं एकाही मुळीचं नाव सांगितलं नाही. नाव सांगितलं तर गुण जातो, अशी त्या भागात समजूत आहे. मला आधी राग यायचा, ही विद्या चोरून ठेवण्याची रीत वाटायची. मग लक्षात आलं, तीन वर्षांत मी ती झाडं पाच-सहा वेळा सगळ्या ऋतूंत पाहिली होती, पानं झडलेली, फुटलेली, फुललेली. चौथ्या वर्षी त्यांनी नाव सांगितलं तेव्हा मला नावाची गरजच उरली नव्हती. आणखी एक रीत होती. मुळी खणायच्या आदल्या संध्याकाळी जाऊन झाडापुढे तांदूळ आणि सुपारी ठेवायची, उद्या येतो म्हणून आवतण द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुळी काढायची. मी कर्मकांडाचा माणूस नाही. पण दोनदा डोंगर चढायचा म्हटल्यावर माणूस पोतं भरून मुळ्या आणत नाही, लागेल तेवढीच आणतो. आणि आदल्या दिवशी उजेडात पाहिलेलं झाड पहाटे चुकत नाही.

कधी काय काढावं याचा जुना हिशेब आहे आणि तो बराचसा झाडाच्या स्वभावावर बसवलेला आहे. मुळं काढायची ती पानं झडल्यावर, थंडीच्या शेवटी किंवा उन्हाळ्यात, कारण तेव्हा झाडाने आपली सगळी पुंजी खाली नेलेली असते. साल, कंद आणि चीक शरदात, म्हणजे पाऊस सरल्यावर. पानं आणि कोवळ्या फांद्या पावसाळ्यात किंवा वसंतात, फूल-फळ ज्याच्या त्याच्या हंगामात. आषाढात खणलेली शतावरीची मुळी पाणचट लागते, तीच फाल्गुनात खणा, फरक हाताला वजनावरूनही कळेल.

ओल्या-सुक्याचाही नियम आहे. एरवी सुकं औषध सांगितलं असताना ओलं वापरलं तर वजन दुप्पट घ्यायचं. पण काही वनस्पती नेहमी ओल्याच वापराव्यात आणि दुप्पट करू नयेत असं जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी सांगितलंय, आणि त्या यादीत पहिलीच तीन नावं गुळवेल, कुडा आणि अडुळसा. म्हणजे ऑनलाइन मागवलेली गुळवेलीची पावडर ही मुळातच दुय्यम वस्तू. कढवण्याचं प्रमाण मऊ द्रव्याला चौपट पाणी, मध्यमाला आठपट, लाकडासारख्या टणक द्रव्याला सोळापट, आणि चौथा हिस्सा उरेपर्यंत मंद आचेवर आटवायचं, झाकण न ठेवता. कुकरमध्ये शिट्टी काढून केलेल्या काढ्याबद्दल मी मत देत नाही.

मात्रेचं एक उदाहरण आपल्या घरातलंच आहे, बाळगुटीचं. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, बाळहिरडा सहाणेवर उगाळायचे आणि मोजायचे वळशात. वेखंडाचा अर्धा वळसा, हळकुंडाचे दोन. आज बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही नको म्हणतात आणि मीही आता तेच सांगतो, पण मोजण्याची ती पद्धत बघा. सहाणेवरच्या एका वळशात जाते ती राईएवढीही नसेल. हीच माणसं मोठ्यांसाठी मात्र 'मूठभर पाला टाका, नैसर्गिक आहे' म्हणतात, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं ज्यांना वाटतं त्यांनी श्रावणात पेठच्या घाटात कुंपणांवर बघावं. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं, पानाच्या टोकाला पीळ. ती कळलावी, खड्यानागही म्हणतात. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात लांगली. अडलेल्या बाईच्या कळा लागाव्यात म्हणून पूर्वी हिचा कंद वाटून पोटावर, तळपायाला लेप द्यायचे, नाव त्यावरून पडलं. या कंदात कोल्चिसीन असतं, गाउट या सांधेदुखीवर जे औषध अगदी मोजून देतात तेच. रानकंद समजून कुणी शिजवून खाल्ला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. पहिला झपाटा ओसरला की लोक समजतात बरा झाला, आणि मग मूत्रपिंड, रक्तपेशी बसतात. वाचलाच तर दोनेक आठवड्यांनी डोक्याचे केस पुंजक्यांनी गळतात. उतारा नाही. धोतरा, गुंज, बिब्बा, कण्हेर हे सगळे औषधातही आहेत आणि औषधांच्या नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीतही. यातलं काहीही घरी करायचं नाही. आणि असं काही पोटात गेल्याचा संशय आला तर मीठपाणी पाजून उलट्या काढत बसू नका, १०८ ला फोन करा आणि खाल्लेल्या झाडाचा तुकडा सोबत न्या, डॉक्टरचा अर्धा तास वाचतो.

साप-विंचवाचंही एवढ्यात सांगून टाकतो. पेठ-सुरगाण्यात अजूनही आधी भगताकडे नेतात. सापाच्या विषावर चालणारी मुळी हरसूलच्या बाबांकडेही नव्हती, आणि ते स्वतः ते कबूल करायचे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यावर लस एकच, ती दवाखान्यात. विंचवावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध दाखवून दिलं आणि कोकणातले मृत्यू खूप कमी केले. यात झाडपाल्याला कमीपणा काही नाही.

उलट झाडपाल्यात दम किती आहे ते बघायचं असेल तर सर्पगंधा बघा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्या मुळीचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तीन वर्षांत तिच्यातलं रेसर्पिन वेगळं निघालं, आणि पुढे कित्येक वर्षं जगभर रक्तदाबाची गोळी म्हणून ते गेलं. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन आलं, तुमच्या खोकल्याच्या लाल बाटलीवर नाव वाचा. आणि नरक्या. घाटमाथ्यावरचं साधं झाड, वासावरून पडलेलं नाव. त्यात कॅम्टोथेसिन असल्याचं १९७२ मध्ये समजलं, कर्करोगाची औषधं त्यापासून बनतात, आणि मग रात्रीतून ट्रक भरून झाडं जायला लागली. आता ओळखीच्या जागी गेलो तर बुंधे दिसतात.

त्यामुळे अंजनेरीवर काही तोडू नका, पानही नको. तो डोंगर संवर्धन राखीव आहे. तिथल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीला डोंगराचंच नाव दिलंय, सेरोपेजिया अंजनेरिका. पूर्वी गुराखी पोरं कंदीलपुष्पाचे कंद उकरून खायची, ती चार पोरं होती. आता रविवारी चढणारी चारशे माणसं आहेत. इतर वनात गौण वनउपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथल्या ग्रामसभेचा आहे, तुमचा-माझा नाही. म्हणून त्या बाईकडून विकत घेतलंत ते योग्यच केलंत. फक्त साल घेताना विचारा की एका बाजूची, फांदीची काढली आहे की खोडाला कडं फिरवून. कडं फिरवलेलं झाड मरतं.

आता शिकायचं कसं. अ‍ॅप वापरा, मीही वापरतो, पण त्याचं उत्तर आडनावापर्यंत, म्हणजे वनस्पतीच्या घराण्यापर्यंतच, खरं धरा. गुळवेलीच्या फोटोवरून ते 'गुळवेल' म्हणेल, लव आहे का हे ते गालाने बघत नाही. पुस्तक नंतर घ्या. सुरुवातीला बारा वनस्पती निवडा, त्याही घराजवळच्या. नाशिकरोडला रेल्वेच्या कुंपणाशी, वालदेवीच्या काठी अडुळसा, निरगुडी, टाकळा, घेटुळी, भुईआवळी, करंज सहज भेटतील. बारा महिने महिन्यातून एकदा तीच झाडं बघा. फूल-फळासकट एक फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा, कागद रोज बदला, तारीख, जागा, गावातलं नाव, फुलाचा ताजेपणीचा रंग लिहा, कारण तो वाळल्यावर जातो. जखमेवर चोळतो ती एकदांडी, कंबरमोडीही घ्या. रक्त थांबवायला मी ती स्वतःवर कित्येकदा वापरलीये. गंमत म्हणजे ही आपली नाहीच, अमेरिकेतून आलेली आहे. आजीच्या बटव्यात ती कधी शिरली कुणालाच कळलं नाही.

वर्षभराने पश्चिमेला सरका. नाशिक जिल्हा विचित्र आहे. त्र्यंबक-इगतपुरीला पाऊस कोसळतो आणि येवला-सिन्नरला लोक आभाळाकडे बघत बसतात, म्हणून तासा-दोन तासांच्या अंतरावर रान बदलतं. भुईरिंगणी, सराटे, हिंगणबेट बघायला पूर्वेला जायचं, हिरडा-बेहडा बघायला पश्चिमेला. आषाढ-श्रावणात बाजारात पेठकडच्या बायका रानभाज्या घेऊन येतात, त्यांच्यापाशी एक तास बसणं म्हणजे फुकटचा वर्ग. फोडशीची जुडी घेताना विचारा, मुळाशी काय असतं. पांढरी मुसळी त्याच कुळातली.

सिंहस्थ तोंडावर आलाय. २०१५ ला गोदाघाटावर मुळ्या विकणाऱ्यांची रांग लागली होती, पुन्हा लागेल. बघा, शिका, विकत काही घेऊ नका. तिथे शिलाजित म्हणून काय काय मिळतं ते लिहायला वेगळा कागद लागेल.

स्वतःच्या घरात खोकल्याला अडुळसा देणं वेगळं (गरोदर बाईला नाही, गर्भाशय आकुंचन पावतं, आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर आधी क्षयाची तपासणी) आणि शेजाऱ्याला औषध देणं वेगळं. नोंदणीशिवाय दुसऱ्यावर उपचार करणं १९६१ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तुम्ही शिकत जाल तसे शेजारी येतील. त्यांना माझ्याकडे नाही तर दुसऱ्या कुणाकडे पाठवा.

टांगून ठेवलेली जुडी आता खाली घ्या. चार दिवस झाले असतील. गुळवेलीचं दुसरं नाव 'छिन्नरुहा', तोडली तरी उगवणारी. वीतभर तुकडा एक पेर मातीत आणि एक वर असा कुंडीत लावा, शक्यतो कडुनिंबाजवळ, तिथे चढलेली वेल आम्ही वैद्य उत्तम मानतो. पंधरा-वीस दिवसांत फूट येईल. पानं तळहाताएवढी झाली की मागची बाजू गालावर फिरवा. मग पुढच्या वेळी अंजनेरीला गेलात की ते पान त्या बाईला दाखवा आणि विचारा, ती या वेलीला काय म्हणते, आणि लव असलेलीला काय म्हणते. तिच्याकडे दोन वेगळी नावं असतील तर तिच्याकडूनच घेत जा. नसतील तर मला कळवा, आईचे रिपोर्टही सोबत आणा.